अँटेना उतरवून फ्री डिश लावताना: जागा बघण्यापासून चॅनल लागेपर्यंत

छपरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना अजून उभी असेल, तर ती आता फक्त कावळ्यांना बसायच्या कामाची आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पुढे सिंहगडाच्या मनोऱ्यामुळे ते पुण्याच्या घराघरांत दिसू लागलं, आणि नंतर तालुक्यातालुक्याला छोटे प्रक्षेपक उभे राहिले. ते सगळं जाळं ॲनालॉग होतं. प्रसार भारतीने ते टप्प्याटप्प्याने गुंडाळलं. ३१ मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे जेमतेम ५० प्रक्षेपक सोडून बाकीचे बंद करायचे, असं जाहीर झालं होतं. केबलवरचं ॲनालॉग तर त्याआधीच बंद व्हायचं ठरलं होतं: मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती, पुणे-नागपूर धरून ३८ शहरांत ३१ मार्च २०१३, आणि उरलेल्या गावांत मार्च २०१७ ची अखेर.

तरीही अनेक घरांत जुना टीव्ही कपाटावर धूळ खात पडलेला असतो. कुठे महिन्याच्या पॅकचा खर्च नको म्हणून रिचार्ज बंद केलेला असतो. गावच्या घरी वर्षातून दोनदा जायचं, तिथे बारा महिन्यांचे पैसे कशाला भरायचे, हाही प्रश्न असतो. अशा घरांसाठी दूरदर्शनची फ्री डिश, म्हणजे घरावरच्या छत्रीने थेट उपग्रहावरून फुकट वाहिन्या घेणं, हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो. डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्या घेऊन ही सेवा सुरू झाली. एकदा सामान घेतलं की महिन्याला एक पैसाही लागत नाही. फोन करून कुणी ‘तुमची फ्री डिश रिचार्ज करायची आहे’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या. फ्री डिशला रिचार्ज नावाचा प्रकारच नाही.

दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपणही सुरू केलं होतं. पण त्याच्या भरवशावर नवीन खरेदी करू नका. मोजक्या वाहिन्या आणि मोजका पल्ला, एवढाच त्याचा आवाका.

सवय कुठे बदलावी लागते

ॲनालॉगमध्ये अँटेना किती वळवायची हे चित्रच सांगायचं. एक जण छपरावर, एक दारात, एक टीव्हीसमोर. ‘आलं, आलं… गेलं! परत थोडी फिरव!’ मुंग्या कमी झाल्या, सावली गेली, आवाज स्वच्छ झाला की पाना आवळायचा. सिग्नल अर्धवट असला तरी चित्र अर्धवट का होईना दिसायचं, आणि त्यावरून पुढची दिशा कळायची.

डिजिटलमध्ये हे मधलं काही उरत नाही. छत्री दोन-तीन अंश चुकली की पडदा पूर्ण काळा, आणि चित्र लागलं की एकदम काचेसारखं. मग ते काठावर लागलंय की भरभक्कम, हे पडद्याकडे बघून कळत नाही. पहिल्याच पावसात कळतं. म्हणून या कामात चित्राकडे बघायचंच नाही, छत्री आणि टीव्हीच्या मधल्या बॉक्सच्या मेन्यूतल्या ‘क्वालिटी’च्या आकड्याकडे बघायचं. चित्र दिसलं की खाली उतरायचं, ही जुनी सवय सोडली नाही तर जुलैत पुन्हा शिडी लावावी लागते.

दुसरा बदल उंचीचा. जुन्या अँटेनेला जितका उंच पाइप तितकं बरं. छत्रीला उंचीचं काही देणंघेणं नाही. सिग्नल येतो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून. त्यात तुमच्या पाइपच्या वीस फुटांनी काय फरक पडणार? उलट उंच पाइप वाऱ्यात डोलतो आणि चित्र फुटतं. जमिनीवर, अंगणातल्या कठड्याजवळ लावली तरी चालेल. आग्नेयेचं आकाश मोकळं पाहिजे, एवढीच अट.

जागा बघणं

जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. महाराष्ट्र आणि गोवा त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून छत्री सगळीकडे आग्नेयेलाच बघते. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली दिशा आणि क्षितिजापासूनची उंची, दोन्ही अंशांत, अंदाजे अशी:

मुंबई: दिशा १३१, उंची ५७.५
पुणे: दिशा १३२, उंची ५९
नाशिक: दिशा १३४, उंची ५७.५
छत्रपती संभाजीनगर: दिशा १३६, उंची ५९
कोल्हापूर: दिशा १२९, उंची ६०
नागपूर: दिशा १४४, उंची ६०
पणजी: दिशा १२७, उंची ६१

मधल्या गावांनी जवळच्या शहराचे आकडे धरावेत, पहिल्या अंदाजाला तेवढं पुरतं. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण लोखंडी पाइप, पत्रा, पाण्याच्या टाकीची जाळी यांच्यापासून चार पावलं लांब उभं राहून बघा. लोखंडाजवळ ते काहीही दाखवतं.

उपग्रह बराच उंच असल्यामुळे आडोशाची भीती वाटते तेवढी नसते. पुण्यात आग्नेयेला समोरची इमारत छत्रीपेक्षा दहा मीटर उंच असेल, तर ती सहा-सात मीटर लांब असली तरी भागतं. खरा त्रास झाडांचा. नारळाची झावळी वाऱ्याने मध्ये येते-जाते आणि चित्र अडखळतं. आंब्याची फांदी आज नसेल, पण दोन पावसाळ्यांनी येईल. त्या बाजूला वाढतं झाड असेल तर आत्ताच जागा बदला.

मोकळं आकाश तपासायची एक फुकटची युक्ती आहे. १२ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, सकाळी अकरा ते सव्वाअकराच्या सुमारास, आपल्याकडून बघताना सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी ठरवलेल्या जागी ऊन पडत असेल तर जागा मोकळी, सावली असेल तर तिथे सिग्नल नाही. याच दिवसांत चालू छत्रीचं चित्रही सकाळी काही मिनिटं जातं, कारण सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. ते आपोआप परत येतं. त्यासाठी छत्री हलवू नका.

शेजारच्यांच्या छत्र्यांकडेही बघा. डिश टीव्हीची छत्री ९५ अंशांवर रोखलेली असते, म्हणजे आपल्या उपग्रहाच्या अगदी शेजारी. टाटा प्लेची ८३ वर आणि एअरटेलची १०८ वर, त्यामुळे त्या दोन्ही अंदाज घ्यायला फारशा कामाच्या नाहीत. सोसायटीत राहत असाल तर गच्चीवर भोक पाडण्याआधी कमिटीला विचारा. गच्चीच्या स्लॅबला तर भोक पाडूच नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या मजल्यावरचा माणूस तुमच्या दारात उभा राहील. पॅरापेटच्या भिंतीला बाहेरून-आतून नीट बघून बोल्ट मारा, नाहीतर सिमेंटच्या ठोकळ्यात पाइप रोवून तो ठोकळा गच्चीवर ठेवा.

सामान

छत्री ६० सेंटिमीटरची पुरते. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा गोव्यात, जिथे पाऊस चार-चार दिवस उसंत देत नाही, तिथे ७५ किंवा ९० ची घ्या. पैशांचा फरक थोडा, पावसातला फरक मोठा. समुद्राजवळ असाल तर गॅल्व्हनाइज्ड नटबोल्टच मागा, साधे दोन वर्षांत गंजून धरतात आणि मग छत्री ना हलते ना सुटते.

एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढच्या दांड्यावरचा डबा, ‘युनिव्हर्सल’ हवा. त्याच्या लेबलवर ९७५० आणि १०६०० असे आकडे छापलेले असतात, ते बघून घ्या. घरात जुन्या बंद पडलेल्या कनेक्शनची छत्री असेल तर छत्री वापरता येते, एलएनबीही लेबल जुळलं तर चालतो. त्या कंपनीचा बॉक्स मात्र या कामाला धरू नका.

बॉक्स घेताना एकच गोष्ट अडून मागायची: एमपेग-४, म्हणजे चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत. दुकानात अजून जुने एमपेग-२ बॉक्स शे-दोनशे रुपये कमी सांगून खपवले जातात. त्यावर फ्री डिशच्या काही वाहिन्या लागतात, काहींचं नाव दिसतं आणि चित्र येत नाही. एमपेग-४ बॉक्सवर दोन्ही प्रकार चालतात. आणि बॉक्स घेण्याआधी घरातल्या टीव्हीचा मेन्यू उघडून बघा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. मागे बारीक आट्यांचं सॉकेट आणि ट्यूनिंगच्या मेन्यूत ‘सॅटेलाइट’ हा पर्याय असेल, तर बॉक्सचे पैसे वाचले.

केबलच्या बाबतीत कंजुषी नको. आरजी-६ केबल घ्या, ७५ ओहमची. जुन्या अँटेनेची चपटी वायर किंवा आत भिंतीतून नेलेली बारीक केबल इथे चालत नाही. एलएनबीकडून खाली येणारा सिग्नल हजार मेगाहर्ट्झच्या वरचा असतो, तो बारीक केबलमध्ये वाटेतच मरतो. छत्रीपासून टीव्हीपर्यंत एकच अखंड तुकडा न्या, मध्ये जोड नको. शिवाय केबलच्या टोकांना लावायचे दोन-तीन जादा एफ-कनेक्टर, १० आणि १३ नंबरचे पाने, ओळंबा किंवा पाणसळ, कटर, आणि रबरी सीलिंग टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात चिकट होऊन सुटते.

छत्री, एलएनबी, बॉक्स, केबल धरून सगळं साधारण दीड ते अडीच हजारांत बसतं.

खांब आणि छत्री

खांब ओळंब्यात नसेल तर पुढचं सगळं काम दुप्पट होतं. खांब सरळ असला की छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंची बदलत नाही. खांब तिरका असेल तर प्रत्येक वेळी दोन्ही कोन एकदम बिघडतात आणि माणूस गोल गोल फिरत बसतो. म्हणून पाणसळ खांबाच्या दोन बाजूंना लावून बघा, एका बाजूने सरळ दिसणं पुरेसं नाही. जुन्या अँटेनेचा पाइप गंजलेला नसेल तर तो कापून, आखूड करून वापरता येईल. पत्र्याच्या छपरावर नुसत्या पत्र्याला छत्री लावू नका, भिंतीला किंवा लाकडी-लोखंडी सांगाड्याला धरा.

छत्री जमिनीवरच जोडून घ्या: मागचा ब्रॅकेट, पुढचा दांडा, त्यावर एलएनबी. एलएनबीची पकड अजून घट्ट आवळायची नाही. मग खांबावर चढवा आणि बोल्ट इतके आवळा की हाताने ढकलली तर हलेल, सोडली तर जागीच राहील.

आता गंमत. ५९ अंशांची उंची म्हटल्यावर माणूस छत्री जवळजवळ आकाशाकडे उताणी करतो. तसं नाही. या छत्र्या ‘ऑफसेट’ प्रकारच्या असतात. त्या उभ्या दिसत असल्या तरी २२ ते २६ अंश वर बघत असतात. त्यामुळे पुण्यात छत्रीचा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून सुमारे ३३ ते ३७ अंशच मागे झुकलेला दिसायला हवा. मागच्या ब्रॅकेटवर अंशांची पट्टी कोरलेली असेल तर ती बहुधा हा हिशेब करूनच कोरलेली असते. तिच्यावर थेट ५९ लावा.

कनेक्टर

बिघाड बहुतेक वेळा इथेच सापडतो, म्हणून इथे घाई नको. केबलचं वरचं काळं कवच सुमारे दीड सेंटिमीटर सोला. खाली तारांची जाळी असते. ती मागे वळवून कवचावर बसवा. आतली चांदीसारखी फॉइल आणि पांढरा फोम कापून मधली तार मोकळी करा. मग नखाने चाचपून बघा: जाळीची केसाएवढी एकही तार मधल्या तारेला टेकता कामा नये. टेकली तर एलएनबीला वीज मिळत नाही, आणि कधी कधी बॉक्सही झोपतो. कनेक्टर फिरवून घट्ट बसवा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे. आखूड राहिली तर सॉकेटमध्ये पोहोचत नाही.

बॉक्स बंद असतानाच केबल जोडा. केबलमधून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, त्यामुळे चालू बॉक्सवर जोडाजोडी नको.

बॉक्सच्या मेन्यूत

सोय होत असेल तर छोटा टीव्ही आणि बॉक्स छपरावर घेऊन जा. नाहीतर खाली टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला फोनवर सतत आकडा वाचायला लावा, ‘आलं’ आणि ‘गेलं’ एवढ्यावर भागणार नाही. दुकानात छोटे सिग्नल मीटर मिळतात, पण एका घरासाठी ते घेण्याची गरज नाही.

मेन्यूत ‘इन्स्टॉलेशन’ किंवा ‘डिश सेटिंग’ उघडा. उपग्रहांच्या यादीत जीसॅट-१५ निवडा. जुन्या बॉक्समध्ये त्या जागी इन्सॅट-४बी किंवा डीडी डायरेक्ट असं नाव असतं. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. डायसेक (एकाहून जास्त एलएनबींमध्ये निवड करणारा स्विच) बंद, मोटर बंद. ट्रान्सपाँडरमध्ये (म्हणजे उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) ११०९०, व्हर्टिकल (उभ्या लहरी), सिम्बॉल रेट २९५०० असा घाला. यादीत नसेल तर ‘ॲड’ करून लिहा. ११४७० व्हर्टिकल २९५०० हाही दुसरा म्हणून ठेवा.

पडद्याच्या खाली दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’. स्ट्रेंथवर विश्वास ठेवू नका. एलएनबीला वीज मिळाली की ती पट्टी छत्री भिंतीकडे असली तरी निम्म्यावर जाते. तिचा उपयोग एवढाच: ती शून्य असेल तर केबल किंवा कनेक्टर खराब आहे. छत्री बरोबर रोखली की नाही हे क्वालिटीच सांगते.

उपग्रह पकडणं

उंचीचा कोन लावून ठेवा. छत्री दिशेच्या आकड्यापेक्षा वीसेक अंश डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे, नेऊन तिथून उजवीकडे आणत या. हळू म्हणजे किती हळू? ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की एक अंश झाला. तेवढं सरकवा, थांबा, मनात तीन मोजा. बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. भराभरा फिरवलं तर उपग्रह समोरून निघून जातो आणि पट्टी हलतही नाही.

एक फेरी होऊनही क्वालिटी शून्यच, तर उंची एक-दोन अंशांनी वर करा आणि परत फेरी. नाही मिळालं तर मूळ उंचीच्या खाली एक-दोन अंश.

एलएनबीचा तिरकेपणा इथेच बघायला हवा. महाराष्ट्रात हा कोन मोठा आहे. पुण्यात तो ४५ अंशांच्या आसपास भरतो. एलएनबी सरळ, कनेक्टर थेट खाली ठेवून शोधलं तर सिग्नल इतका क्षीण येतो की तो नाहीच असं वाटतं. म्हणून शोधायला सुरुवात करतानाच एलएनबी एका बाजूला अर्ध्या काटकोनाइतका फिरवून ठेवा. दोन-तीन फेऱ्यांत काहीच नाही आलं तर दुसऱ्या बाजूला तेवढाच फिरवा. बाजू उलटी झाली तर व्हर्टिकलच्या जागी हॉरिझॉन्टल, म्हणजे आडव्या लहरींचा, सिग्नल मिळतो आणि पट्टी ढिम्म राहते. अनेक जण छत्री बरोबर रोखूनही केवळ या एका कारणाने हात टेकतात आणि माणूस बोलावतात.

क्वालिटीची पट्टी वर गेली की लगेच स्कॅन करू नका. आधी खात्री करा की हा आपलाच उपग्रह आहे. ९५ अंशांचा शेजारी जेमतेम दीड अंशावर बसलेला आहे. दोन्ही ट्रान्सपाँडरवर क्वालिटी मिळाली, तर शंका घ्यायचं कारण नाही. एक लक्षात असू द्या, सन डायरेक्टही ९३.५ वरूनच येतं. पूर्ण उपग्रह स्कॅन केला आणि दक्षिणेकडच्या कुलूपबंद वाहिन्यांची रांग लागली, तर घाबरू नका, छत्री बरोबरच आहे. स्कॅन करताना ‘फ्री’ किंवा ‘एफटीए’ निवडलं की ती रांग गळते.

शेवटचा अर्धा अंश

इथे बहुतेक जण थकतात आणि मिळेल त्यावर समाधान मानतात. पण पावसात चित्र राहणार की जाणार हे या पंधरा मिनिटांत ठरतं. क्वालिटी समजा ६० आहे. छत्री एका बाजूला केसभर सरकवा, थांबा. वाढली तर आणखी. कमी होऊ लागली की जिथून कमी झाली ती जागा पेन्सिलने खांबावर खूण करा. आता दुसऱ्या बाजूला जा, तिथेही जिथे तेवढीच पडते तिथे खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये छत्री आणा. शिखर डोळ्याने शोधण्यापेक्षा दोन उतार मोजून मध्य काढणं जास्त अचूक येतं. हेच उंचीसाठी करा, मग एलएनबी फिरवून, मग एलएनबी दांड्यावर थोडा पुढे-मागे करून.

बोल्ट आवळताना छत्री सरकतेच. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे वळू नका, सगळे आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि मधून मधून आकडा विचारत राहा. शेवटी छत्रीच्या कडेला हाताने हलकं ढकलून सोडा. आकडा पडून परत आला तर काम झालं. पडून खालीच राहिला तर कुठलातरी बोल्ट ढिला आहे.

एलएनबीच्या कनेक्टरवर रबरी टेप खेचून गुंडाळा. केबल घरात शिरते तिथे आधी तिला खाली झोका द्या आणि मग भोकातून वर न्या. पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकतं, केबलवरून घरात येत नाही. बाहेरच्या केबलला तीक्ष्ण वळण देऊ नका. विजा कडाडू लागल्या की बॉक्सची केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवा, कोकण आणि मराठवाड्यात तर हे सवयीचंच करा.

टीव्हीला जोडणं

नवा टीव्ही असेल तर एचडीएमआय, प्रश्न संपला. जुन्या फुगीर टीव्हीला पिवळी, पांढरी, लाल अशी तीन पिनांची वायर लागते. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. टीव्हीच्या रिमोटवर ‘एव्ही’ दाबायला विसरू नका. सगळं ठीक असून निळा पडदा दिसतो तो बहुतेक एवढ्यामुळेच. चित्र काळंपांढरं आलं तर बॉक्सच्या मेन्यूत व्हिडिओ ‘पाल’ करा, ‘एनटीएससी’ नको. माणसं लांबट दिसत असतील तर तिथेच आकार ४:३ करा. त्याहूनही जुना, फक्त अँटेनेचं भोक असलेला टीव्ही असेल, तर बॉक्सचं चित्र त्या भोकातून देणारा आरएफ मॉड्युलेटर लागतो. तो शोधून आणण्याइतका त्या टीव्हीवर जीव असेल तरच खटाटोप करा.

घरात दोन टीव्ही असतील तर दोन तोटीचा एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला वेगळी केबल टाका. केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर मध्ये घातला तर दोन बॉक्सचे व्होल्ट एकमेकांत भांडतात.

नंतर काही बिघडलं तर

जोराच्या सरीत दहा-वीस मिनिटं चित्र जाणं या लहरींच्या बाबतीत नेहमीचंच आहे. पण रिमझिमीतही जात असेल तर छत्री शिखरावर नाही किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. कनेक्टर उघडून मधली तार बघा. हिरवट पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. एरवी सुरळीत, वारा सुटला की फुटतं, म्हणजे झाड किंवा ढिला बोल्ट. माकडांचा त्रास असलेल्या गावात छत्री मुळातूनच हललेली सापडते, तिथे आधी खांबावरची पेन्सिलची खूण बघा, अर्धं काम वाचतं. ती पुसली जाऊ नये म्हणून नंतर रंगाचा एक ठिपका देऊन ठेवा.

काही वाहिन्या अचानक गायब झाल्या तर छत्रीला हात लावायच्या आधी पुन्हा स्कॅन करा. खासगी वाहिन्यांच्या जागांचा ई-लिलाव होतो, त्यामुळे विशेषतः एप्रिलच्या सुरुवातीला यादी बदलते: कुणी जातं, कुणी येतं, क्रमांक हलतात. मराठी मनोरंजनाच्या खासगी वाहिन्याही याच फेऱ्यात ये-जा करतात. सह्याद्री मात्र दूरदर्शनचीच असल्यामुळे लिलावाच्या बाहेर आहे. स्कॅन झाल्यावर रेडिओचं बटण दाबून बघा. आकाशवाणीची केंद्रंही त्याच केबलमधून येतात, आणि डोंगराआडच्या गावात जिथे रेडिओ नुसता खरखरतो, तिथे ती स्वच्छ ऐकू येतात.